जमा बाजूला गेंडा

आफ्रिकेला जाऊन आलो असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "सिंह दिसला का?" दुसरा येतो जरा आवाज खाली करून, "पण किती लागले गं?" पहिला प्रश्न निसर्गाचा आणि दुसरा व्यवहाराचा, असा सगळ्यांचा समज असतो. माझी नोकरी बँकेत गेली, त्यातली बरीच वर्षं कर्ज विभागात, त्यामुळे मला दुसराच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. फक्त तो अर्धाच विचारला जातो. किती लागले एवढंच लोकांना हवं असतं. लागलेले पैसे पुढे कोणाच्या हातात गेले, त्याचं काय झालं, हे कोणी विचारत नाही.

आम्ही गेलो नामिबियाला. आपल्याकडच्या आफ्रिकेच्या सहली म्हणजे केनिया-टांझानिया, नाहीतर जोहान्सबर्ग-केपटाउन आणि मधे क्रुगर राष्ट्रीय उद्यानाला धावती भेट. नामिबिया म्हटल्यावर नणंद म्हणाली, "तिथे काय आहे? वाळवंटच ना?" बरोबरच होतं तिचं. महाराष्ट्राच्या अडीच पटींहून मोठा देश आणि माणसं ३० लाखांच्या आसपास, म्हणजे आमच्या नागपूर शहरापेक्षा थोडीशीच जास्त. गाडी तासन्‌तास चालवावी तेव्हा समोरून एखादी येते, आणि तिच्या मागची धूळ बसायला पुढची दहा मिनिटं लागतात. पण ह्यांना तिथेच जायचं होतं. १७ सप्टेंबर २०२२ ला कुनोमध्ये आठ चित्ते उतरले ते नामिबियातून आलेले, आणि तेव्हापासून ह्यांना चित्त्यांचं माहेर बघायचं होतं.

माहेर निघालं शेतावर. मी समजत होते, चित्ता म्हणजे एखाद्या मोठ्या राखीव जंगलात असणार. पण नामिबियातले बहुतेक चित्ते उद्यानांच्या बाहेर, गुरं-शेळ्या पाळणाऱ्यांच्या खासगी जमिनींवर राहतात. उद्यानात सिंह आणि तरस त्याची शिकार पळवतात, पिल्लं मारतात, म्हणून तो आपला सिंह नसलेल्या माळाकडे सरकतो. आणि तो माळ कोणाच्या तरी मालकीचा असतो. १९८०च्या दशकात शेतकऱ्यांनी तिथे हजारोंनी चित्ते मारले. ओत्जिवारोंगोजवळ चीता कन्झर्व्हेशन फंड ही संस्था आहे, लॉरी मार्कर यांनी १९९० मध्ये सुरू केलेली. तिथे आम्हाला आधी दाखवले ते कुत्रे. तुर्कस्तानच्या धनगरी जातीचे, वासराएवढे. पिल्लू असतानाच त्यांना शेळ्यांच्या कळपात सोडतात, कळपालाच घर समजून ते वाढतात, आणि चित्ता आला की मधे उभे राहून भुंकतात. चित्ता भांडखोर नाही. तो निघून जातो. शेळी वाचली म्हणून चित्ता वाचला. १९९४ पासून हे कुत्रे शेतकऱ्यांना दिले जात आहेत. ह्यांनी चित्त्यांचे भरपूर फोटो काढले. मी मात्र त्या कुत्र्यांपाशी बराच वेळ थांबले, कारण पुढे जे बघायला मिळणार होतं त्याचा धागा तिथेच हाताला लागला होता. जनावर जगणार की मरणार, हे जंगलात ठरत नव्हतं. ते गोठ्यात ठरत होतं.

तिथून आम्ही वायव्येला गेलो, कुनेने भागात. जुन्या नकाशांवर याच्या दक्षिण भागाला डमारालँड म्हणतात. तांबूस दगडांचे सपाट माथ्याचे डोंगर, कोरड्या नद्यांची पात्रं, आणि एखाद्या वळणावर अचानक हत्ती. पाऊस नावालाच. आमच्या विदर्भातला उन्हाळा सोसलेल्या माणसालाही प्रश्न पडावा की इथे कोणी जगतं कसं. पण जगतात, माणसंही आणि काळे गेंडेही. जगात आज ६ हजारांच्या वर काळे गेंडे आहेत. १९७० च्या सुमारास ते ६५ हजार होते, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अडीच हजारांच्याही खाली गेले. शिल्लक राहिलेल्यांतला साधारण तिसरा हिस्सा नामिबियात आहे, आणि त्यातले काही या उघड्या, कुंपण नसलेल्या दगडी रानात, गावांच्या शेजारी फिरतात.

ते वाचले कसे, याची गोष्ट मला तिथल्या सगळ्या सूर्यास्तांपेक्षा जास्त आवडली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला नामिबियावर दक्षिण आफ्रिकेचं राज्य होतं, सीमेवर युद्ध चालू होतं, बंदुका मुबलक होत्या आणि भयंकर दुष्काळात लोकांची गुरं मेली होती. भुकेली माणसं शिकार करत होती आणि शिंग-हस्तिदंतासाठी बाहेरचे लोक, अधिकारीसुद्धा, करत होते. गार्थ ओवेन-स्मिथ नावाचा एक संरक्षक तिथे काम करत होता. जास्त शिपाई, जास्त अटका हा सरळ मार्ग त्याच्यासमोर होता. तो जोशुआ कांगोंबे यांच्यासारख्या हेरेरो जमातीच्या मुखियांकडे गेला आणि विचारलं की ही जनावरं संपावीत असं तुम्हाला वाटतं का. त्यांना तसं वाटत नव्हतं. मग मुखियांनीच आपापल्या भागातली माणसं निवडली. रान ओळखणारी, माग काढणारी, त्यात पूर्वी शिकार केलेलेही. पगार म्हणजे मक्याचं पीठ वगैरे शिधा आणि थोडी रोकड. हातात बंदूक देऊन पकडायला पाठवण्याऐवजी काम दिलं फिरण्याचं, बघण्याचं आणि मुखियाला येऊन सांगण्याचं. कोणाच्या घरी रात्री मांस शिजलं हे गावाला तसंही माहीत असतंच! ते आता मुखियाच्या कानावर जायला लागलं, एवढाच फरक. आणि शिकार कमी झाली.

पर्यटक त्या काळातही तुरळक येत होते. पण ते यायचे, हत्ती बघायचे, हिंबा जमातीच्या बायकांचे फोटो काढायचे आणि धूळ उडवत निघून जायचे. गावाच्या वाट्याला फक्त धूळ. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पुरोस नावाच्या वस्तीत मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट जेकबसन आणि ओवेन-स्मिथ यांनी एक छोटा प्रयोग केला: येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यामागे थोडी पट्टी, आणि ती थेट गावाला. रक्कम किरकोळ होती. पण सबंध आयुष्य ज्या हत्तीने पाण्याच्या टाक्या फोडल्या, भाजी तुडवली, त्याच्या नावावर पहिल्यांदाच काहीतरी जमा झालं. या दोघांना १९९३ साली पर्यावरणाच्या कामासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला.

एक कायदेशीर मेख होती. गोऱ्या शेतकऱ्यांना त्यांच्या जमिनीवरच्या वन्यप्राण्यांवर हक्क १९७५ च्या वटहुकमाने आधीच मिळाला होता, आणि त्यामुळे त्यांच्या फार्मवर हरणं वाढलीही होती. जनावराची किंमत कळली की माणूस त्याला पाणी पाजतो. सामाईक जमिनीवर राहणाऱ्या काळ्या लोकांना मात्र तो हक्क नव्हता. त्यांच्यासाठी जनावर म्हणजे सरकारचं, आणि नुकसान तेवढं आपलं. १९९० मध्ये देश स्वतंत्र झाला आणि १९९६ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून हाच हक्क सामाईक जमिनीवरच्या लोकांनाही देण्यात आला. अटी साध्या: हद्द ठरवा, सभासदांची यादी करा, समिती निवडा, घटना लिहा, आणि आलेला फायदा कसा वाटणार ते कागदावर मांडा. अशा गावकऱ्यांच्या संस्थेला कन्झर्व्हन्सी म्हणतात. १९९८ मध्ये पहिल्या चार कन्झर्व्हन्सी नोंदल्या गेल्या. आज ८६ आहेत आणि देशाच्या साधारण एक पंचमांश जमिनीवर पसरलेल्या आहेत.

अशा एका कन्झर्व्हन्सीच्या हद्दीतल्या लॉजवर आम्ही राहिलो. गेंडा बघायला पहाटे अंधारात निघायचं होतं. त्या आधी रात्री सूचना झाल्या: भडक कपडे नकोत, अत्तर नको, कुजबुजायचं नाही, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करा. शेवटच्या सूचनेचं कारण गाईडने सरळ सांगितलं. फोटोबरोबर जागेचा पत्ता जातो, तुम्ही तो कौतुकाने नातेवाईकांना पाठवता, आणि तो वाचणारा प्रत्येकजण तुमचा नातेवाईक नसतो. मी ताबडतोब ह्यांचाही फोन मागून घेतला.

माग काढणारे आमच्या आधीच निघाले होते. झऱ्याच्या ओल्या मातीत रात्री गेंडा येऊन गेला की तिथून पुढे ते पायी जातात. दगडावर पाऊल उमटत नाही, मग बघायचं काय? ते म्हणाले, झुडपं बघा. तिथे एक चिकाचं झुडूप सगळीकडे आहे, फिक्या हिरव्या काड्यांचा झुबका. त्याचा चीक माणसाला विषारी. गेंडा ते आरामात खातो, आणि त्याने खाल्लेली फांदी कैचीने तिरकी कापल्यासारखी स्वच्छ तुटलेली असते. एकाने तुटलेल्या टोकाला बोट लावून दाखवलं, चीक अजून ओला होता. मग मूठभर माती हवेत सोडून वारा कुठून आहे ते बघितलं आणि आम्हाला वळसा घालून डोंगराच्या दुसऱ्या अंगाने नेलं. गेंड्याची नजर कमजोर, नाक आणि कान मात्र विलक्षण.

दिसला तो बराच लांब. मान खाली घालून खात होता. आमच्या बाजूला कान फिरवले, थांबला, पुन्हा खायला लागला. शिंग छाटलेलं होतं. चोरांना त्यात काही उरू नये म्हणून शिंग कापायला नामिबियाने १९८९ मध्येच सुरुवात केली, जगात सगळ्यांच्या आधी. नखासारखंच असल्याने ते पुन्हा वाढतं, पुन्हा कापावं लागतं. ह्यांचा चेहरा थोडा पडला. एवढ्या लांब येऊन बिनशिंगाचा गेंडा! पण माग काढणाऱ्यांचं फोटोकडे लक्षच नव्हतं. ते दुर्बिणीतून त्याच्या कानांवरच्या खाचा बघत होते. कोणत्या कानाला कुठे खाच, यावरून तो कोण हे ठरतं. मग वही निघाली: तारीख, जागा, तब्येत, बरोबर कोणी आहे का. आम्ही पैसे मोजून गेंडा बघायला आलो होतो आणि त्याच पैशांत गेंड्याची हजेरी घेतली जात होती. पाहुणे नसते तर पेट्रोल कोण घालणार, आणि पेट्रोल नसतं तर इतक्या आत रोज कोण येणार? सफारीचा संवर्धनाला फायदा होतो हे वाक्य मी माहितीपत्रकांवर बरेचदा वाचलं होतं आणि जाहिरात म्हणून सोडून दिलं होतं. तिथे ती वही बघितल्यावर सोडता येईना.

परतताना मी त्यातल्या वयाने मोठ्या माणसाला गाईडमार्फत विचारलं, हा गेंडा आता तुमचा का? त्याने मान हलवली. "गेंडा सरकारचाच. त्याला बघायला येणारा पाहुणा आमचा." कायदा असाच आहे, काळा गेंडा सरकारी मालकीचा, कन्झर्व्हन्सी फक्त सांभाळणारी. पण पर्यटनाचा हक्क तिचा. कितीतरी अहवालांना जे जमलं नसतं ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं.

मग मला त्यांचं ऑफिस बघायचं होतं. ह्यांनी कपाळावर हात मारला, पण आले. पत्र्याचं छप्पर, भिंतीवर नकाशा, टेबलावर रजिस्टरं. हिशेब बघणारी तरुण बाई सुरुवातीला संकोचली. मग मी बँकेतली आहे म्हटल्यावर खुर्ची सरकवून बसली आणि एकदम कामाचं बोलायला लागली. लॉज खासगी कंपनी चालवते, जमीन आणि जनावरं यांच्या बदल्यात भाड्यातला ठरलेला हिस्सा कन्झर्व्हन्सीला देते, आणि नोकर शक्यतो इथलेच घेते. खर्चाच्या बाजूला रक्षकांचे पगार, गाडीचं डिझेल, सिंहाने मारलेल्या गुरांची भरपाई, शाळेला मदत, अंत्यविधीला मदत. दरवर्षी सभासदांची सभा होते, तिथे जमाखर्च वाचून दाखवतात, आणि लोक उभे राहून भांडतात. ते वर्णन ऐकताना मला थेट आमच्या माहेरच्या गावची दूध सोसायटीची वार्षिक सभा आठवली. तीच कुरकुर: अध्यक्षाच्या पाहुण्यालाच नोकरी कशी, गाडीचं डिझेल इतकं कसं, भरपाईला इतका उशीर का. आणि गंमत म्हणजे मला त्याने धीरच आला. लोक हिशेबावरून भांडतात म्हणजे त्यांना तो हिशेब आपला वाटतो.

आता कर्ज विभागातली बाई म्हणून दुसरी बाजूही लिहायला हवी. जमेतला मोठा भाग कन्झर्व्हन्सी चालवण्यातच जातो. घराघरात वाटायला उरतं ते थोडं, आणि ज्याच्या घरात लॉजची नोकरी आहे त्याला खूप, ज्याच्या घरात नाही त्याला जवळपास काहीच नाही. सिंहाने ज्याची गाय मारली तो आणि लॉजवर ज्याच्या मुलीला नोकरी लागली तो, ही दोन वेगळी घरं असतात. शिवाय सगळ्या कन्झर्व्हन्सींना लॉज मिळत नाही. जिथे देखणे डोंगर नाहीत, हत्ती कमी, रस्ता वाईट, तिथे आमच्यासारखे फिरकत नाहीत. मग तिथे पैसा येतो तो शिकारीतून.

हा भाग मी घरी सांगते तेव्हा चहाचे कप खाली ठेवले जातात. हो, परवाना काढून, मोठी रक्कम भरून, परदेशी माणूस येतो आणि ठरलेल्या कोट्यातलं जनावर मारतो. त्या पैशातला मोठा हिस्सा कन्झर्व्हन्सीला रोखीत आणि मांस गावाला. २०१४ मध्ये डॅलसमधल्या एका लिलावात नामिबियातला एक म्हातारा काळा गेंडा मारण्याच्या परवान्याला साडेतीन लाख डॉलर मिळाले आणि जगभर आरडाओरडा झाला. शेजारच्या बोट्स्वानाने त्याच वर्षी शिकार बंद केली आणि २०१९ मध्ये पुन्हा सुरू केली, कारण तिथे १ लाख ३० हजारांच्या आसपास हत्ती आहेत आणि शेतातून ते फिरतात तेव्हा शेतकऱ्याला मतही असतं. मला स्वतःला ती शिकार सहन होत नाही. भिंतीवर मुंडकं टांगण्यात कोणाला सुख वाटत असेल तर त्याच्याशी माझं जमायचं नाही. पण ती बंद करा म्हणणाऱ्याने ते पैसे दुसरीकडून कुठून आणायचे तेही सांगायला हवं, आणि आपण ते सांगत नाही. आपण फक्त देखण्या डोंगरांपाशी लॉज शोधतो.

पर्यटनावर सगळा डोलारा उभा केला की काय होतं, ते २०२० ने दाखवलं. विमानं थांबली आणि लॉज रिकामे पडले. लॉजचा हिस्सा थांबला म्हणजे रक्षकांचा पगार थांबायची वेळ आली. सरकार आणि संस्थांनी मिळून तातडीचा निधी उभा केला, म्हणून रक्षक कामावर राहिले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गार्थ ओवेन-स्मिथ वारले. ज्या माणसाने मक्याच्या पिठावर रक्षक उभे केले होते, तो गेला तेव्हा त्या रक्षकांचा पगार परदेशी पाहुण्यांच्या बुकिंगवर अवलंबून होता. यात कोणाची चूक होती असं मी म्हणत नाही. एकाच गिऱ्हाइकावर चालणाऱ्या धंद्याला आम्ही कर्ज देताना दहादा विचार करायचो, एवढंच.

परतीच्या वाटेवर क्रुगरलाही गेलो. खरं सांगायचं तर जनावरं तिथे जास्त दिसली, आणि खर्च कमी झाला. ताडोब्यात आपल्याला जिप्सी आणि गाईड घ्यावाच लागतो. क्रुगरमध्ये आपली गाडी घेऊन डांबरी रस्त्याने हिंडता येतं. पहाटे फाटकापाशी रांगेत दक्षिण आफ्रिकेतलीच कुटुंबं, मागच्या सीटवर पोरं, डब्यात सँडविच. आमचा चिवडा तिथे छान खपला. देशभरातल्या राष्ट्रीय उद्यानांच्या यंत्रणेचा बहुतांश खर्च सरकारकडून न येता पर्यटनातूनच निघतो, आणि क्रुगरसारखं कमावतं उद्यान न कमावणाऱ्यांना पोसतं.

पण क्रुगरचा इतिहास इतका गोड नाही. १८९८ मध्ये साबी राखीव क्षेत्र, १९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि या सगळ्यात तिथे राहणाऱ्या काळ्या लोकांना हलवत नेणं. अगदी उत्तरेला, पाफुरी भागात, मकुलेके लोक राहत होते. १९६९ मध्ये सुमारे ३ हजार जणांना तिथून उठवलं आणि जमीन उद्यानात घेतली. वर्णभेद गेल्यावर त्यांनी दावा केला आणि १९९८ मध्ये जमीन परत मिळवली. आता यापुढे काय करावं? तिथे परत जाऊन घरं बांधली असती, गुरं चारली असती, तर कोण बोललं असतं? त्यांनी जमीन उद्यानातच ठेवली, मालकी स्वतःची, आणि लॉजशी करार करून त्यातून उत्पन्न घेतलं. लोकांना हाकलून राखलेलं जंगल त्याच लोकांनी परत मिळवून राखलं, असं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. बिग फाइव्हची, म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस यांची, यादी पुरी करण्याच्या नादात आम्ही मात्र तिथवर पोचलो नाही. दक्षिणेकडच्या रस्त्यांवर बिबट्या शोधत राहिलो. बिबट्याही नाहीच दिसला.

नागपूरच्या माणसाने असं काही बघितलं की ताडोबा आठवल्याशिवाय राहत नाही. मोहर्लीच्या फाटकावर गाईड गावातले, जिप्सीचे चालक गावातले, बफरमधल्या गावांना पर्यटनातून काहीतरी मिळतं; हे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी इतकं नव्हतं आणि ते चांगलंच आहे. पण किती गाड्या सोडायच्या, दर काय ठेवायचा, कोणाशी करार करायचा, हे गावाच्या सभेत ठरत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात मोहफुलं वेचायला गेलेली बाई वाघाच्या हल्ल्यात जाते तेव्हा पेपरात भरपाईची रक्कम छापून येते. वाघ जमेच्या बाजूला आणण्याचं काम आपल्याकडे अर्धंच झालंय असं मला वाटतं. आपल्याकडे माणसांची दाटी आहे, नामिबियाचा कायदा उचलून इथे ठेवता येणार नाही, हे कळतं. तरी वाटतं.

आणि सगळं करूनही पाऊस पडायलाच लागतो. कुनेनेमध्ये गेल्या दशकात दुष्काळ लांबला आणि झेब्रे, हरणं कमी झाली. हरणं कमी झाली की सिंह गोठ्यांकडे वळतात. २०२४ मध्ये दुष्काळ इतका तीव्र झाला की सरकारने ७२३ वन्यप्राणी मारून त्यांचं मांस लोकांना वाटायचं ठरवलं, त्यात ८३ हत्ती होते. ती बातमी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "बघा, तुझे संवर्धनवाले" अशा मथळ्यासह आली. मी उत्तर दिलं नाही. तिथे उत्तर द्यायचं म्हणजे १९८० च्या दुष्काळापासून सुरुवात करावी लागली असती.

विमानाने जाण्यातला धूरही हिशेबात धरायला हवा, हे मला मान्य आहे. एवढा प्रवास करायचाच असेल तर वरचेवर धावत्या सहली करण्यापेक्षा एकदाच जाऊन निवांत राहिलेलं बरं, आणि राहण्याची जागा नीट पारखून घेतलेली बरी, इतपत मी पोचले आहे.

नणंदेचा मुलगा पुढच्या वर्षी मुलांना घेऊन जाणार आहे. त्याने विचारलं, "मामी, कोणतं पॅकेज घेऊ?" मी त्याला तीन गोष्टी एजंटला विचारायला सांगितल्या. लॉज ज्या जमिनीवर आहे ती कोणाची? भाड्यातला काही हिस्सा त्यांना जातो का, आणि तो लेखी करारात आहे का? तिथे काम करणाऱ्यांत गाईड आणि मॅनेजर स्थानिक किती, नुसते आचारी आणि झाडूवाले नकोत. एका एजंटने उत्तरादाखल जलतरण तलावाचे फोटो पाठवले.

मुलं लहान आहेत म्हणून सुनेला मलेरिया नसलेली जागा हवी आहे, त्यामुळे आता पिलानेसबर्ग ठरतंय, जोहान्सबर्गहून गाडीने जाण्याजोगं. जागा मजेशीर आहे. जुन्या ज्वालामुखीचे डोंगर, त्यावर शेतं होती. १९७९ पासून ती मोकळी करून सुमारे ६ हजार जनावरं बाहेरून आणून सोडली आणि आज ते पूर्वापारचं रान वाटतं. त्यातली काही जमीन बाकगात्ला लोकांची आहे. त्यांना फाटकाच्या उत्पन्नातलं काय मिळतं, ते जरा विचारून घे, म्हटलं.

"मामी, मी सुट्टीला चाललोय, ऑडिटला नाही."

ईमेल मात्र त्याने पाठवलाय. मला कॉपीत ठेवून.